व्हेक्टर डेटाबेस निवडताना आम्ही काय काय मोजलं

मशीनच्या मेंटेनन्सचं सॉफ्टवेअर आम्ही बनवतो. सर्व्हिस मॅन्युअल, जुनी तिकिटं, पार्ट्सचे कॅटलॉग, इंजिनिअरांनी जागेवर लिहिलेल्या नोंदी असं वर्षानुवर्षांचं सगळं त्यात साठलेलं आहे, आणि मागणी अशी आली की टेक्निशियनने साध्या भाषेत प्रश्न टाकला की बरोबर पान समोर यायला हवं आणि त्या पानाच्या आधारानेच एआयने उत्तर द्यायला हवं. यालाच रॅग म्हणतात, आधी शोधायचं, सापडलेला मजकूर मॉडेलच्या हातात द्यायचा आणि मग त्याच्याकडून उत्तर लिहून घ्यायचं. आमची टीम चार जणांची, त्यात डेटाबेस बघणारा मी एकटा. मॅनेजर म्हणाले, "व्हेक्टर डेटाबेस कुठला घ्यायचा ते दोन आठवड्यांत सांग." तीन महिने लागले. ते तीन महिने कुठे गेले ते लिहून ठेवतोय कारण मी सुरुवात केली तेव्हा मला असं कोणीतरी सविस्तर सांगितलेलं हवं होतं.

ज्यांना हा विषय नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. मजकुराचा एक तुकडा एम्बेडिंग मॉडेलला दिला की ते आकड्यांची एक लांब यादी परत देतं, ३८४ आकडे, ७६८, १०२४, १५३६, मॉडेलप्रमाणे. हीच यादी म्हणजे व्हेक्टर. अर्थाने जवळचे तुकडे आकड्यांनीही एकमेकांच्या जवळ येतात, म्हणून प्रश्नाचाही व्हेक्टर करायचा आणि त्याच्या सगळ्यात जवळचे दहा तुकडे शोधायचे. आमच्याकडे शेवटी साधारण १८ लाख तुकडे झाले आणि प्रत्येकात १०२४ आकडे, म्हणजे सरळसोट प्रत्येकाशी तुलना करायची म्हटली तर एका प्रश्नाला १८४ कोटी गुणाकार. एकाच प्रश्नाला हे चालून जाईल, पण एकाच वेळी शंभर टेक्निशियन विचारायला लागले की नाही चालणार. म्हणून अंदाजे शोधणारे इंडेक्स असतात. त्यातला सगळ्यात जास्त वापरला जाणारा एचएनएसडब्ल्यू, मालकोव्ह आणि याशुनिन यांनी २०१६ मध्ये मांडलेला. त्यात व्हेक्टरांचं एक जाळं थरांमध्ये विणलेलं असतं, वरच्या थरात मोजकेच ठिपके आणि लांब उड्या, खाली येता येता उड्या आखूड होतात, आधी हमरस्ता मग आतला रस्ता मग गल्ली. वेग भरपूर मिळतो पण एखादा अगदी जवळचा तुकडा हुकू शकतो, आणि खरोखर जवळच्या तुकड्यांपैकी किती सापडतात यालाच रिकॉल म्हणतात. पुढे हा शब्द सारखा येणार आहे.

पहिला आठवडा मी एक मोठी शीट भरण्यात घालवला. पाइनकोन, क्वाड्रंट, वीव्हिएट, मिल्वस, क्रोमा, पीजीव्हेक्टर, इलास्टिकसर्च आणि रेडिस, प्रत्येकासमोर लायसन्स काय, भाषा कुठली, फिल्टर आहे का, हायब्रिड सर्च (शब्द आणि व्हेक्टर दोन्हींनी शोध) आहे का, बॅकअप कसा. शीट दिसायला छान झाली पण जवळपास सगळ्या खान्यांमध्ये "हो" होतं. मग बेंचमार्कचे आलेख बघत बसलो. त्यातले बरेचसे ठरावीक डेटासेटवर काढलेले असतात, सिफ्ट नावाचा जो डेटासेट सगळीकडे दिसतो त्यात १२८ आकड्यांचे १० लाख व्हेक्टर आहेत आणि ते फोटोंच्या वैशिष्ट्यांवरून काढलेत. आमचे व्हेक्टर कितीतरी लांब, मजकुराचे, आणि आमच्या प्रत्येक प्रश्नाबरोबर "या ग्राहकाला बघायची परवानगी असलेलेच" हा फिल्टर जोडलेला. नुसत्या शोधाच्या आलेखात या फिल्टरचं काय होतं ते दिसतच नाही. त्यामुळे ते आलेख चुकीचे नव्हते, आमच्या कामाचे नव्हते एवढंच.

दुसऱ्या आठवड्यात आमच्या सपोर्टमधल्या एका सीनियर ताईंनी मला थांबवलं. त्या म्हणाल्या, तुम्ही लोक वेग वेग करताय, पण बरोबर पान आलं की नाही हे कोण सांगणार? मला उत्तर देता आलं नाही. मग आम्ही जुन्या तिकिटांमधून खऱ्या टेक्निशियननी खरोखर विचारलेले १५० प्रश्न काढले, त्यांच्याच शब्दांत, स्पेलिंगच्या चुकांसकट, आणि त्या ताई आणि अजून एक अनुभवी इंजिनिअर यांनी बसून प्रत्येक प्रश्नासमोर बरोबर पान कुठलं ते लिहिलं. यात दोन आठवडे गेले, मॅनेजर थोडे वैतागले, पण अख्ख्या कामात सगळ्यात मोलाचं काही असेल तर ते हे १५० प्रश्न.

ते प्रश्न आम्ही पहिल्यांदा चालवले ते कुठल्याच व्हेक्टर डेटाबेसवर नाही तर फैसवर. फैस ही फेसबुकने २०१७ मध्ये खुली केलेली लायब्ररी आहे, डेटाबेस नाही, त्यात परवानग्या नाहीत, सर्व्हर नाही, तुमच्या मजकुराची नोंद ठेवणं नाही. पण तिच्यात सपाट इंडेक्स असतो जो अंदाज वगैरे करत नाही, प्रत्येक व्हेक्टरशी तुलना करून नक्की उत्तर देतो. म्हणजे यापेक्षा चांगलं उत्तर त्याच व्हेक्टरांमधून कुठलाही डेटाबेस देऊच शकत नाही. आणि त्या नक्की शोधात १५० पैकी फक्त ९७ प्रश्नांचं बरोबर पान पहिल्या दहात आलं.

हा आकडा बघून मी बराच वेळ गप्प बसलो होतो. कारण याचा अर्थ असा की डेटाबेस कुठलाही घ्या, कितीही महाग घ्या, ५३ प्रश्न चुकणारच.

मग ते ५३ प्रश्न एकेक करून उघडले. बरेचसे एकाच कारणाने चुकत होते. प्रोटोटाइप आम्ही क्रोमावर केला होता आणि फैसला दिलेले व्हेक्टर तिथलेच होते, आणि प्रोटोटाइपसाठी क्रोमा खरंच सोपं आहे, दहा ओळीत काम सुरू होतं. त्यात तुम्ही एम्बेडिंग मॉडेल सांगितलं नाही तर मिनीएलएम नावाचं एक छोटं मॉडेल आपोआप वापरलं जातं, ३८४ आकड्यांचं. ते मॉडेल २५६ टोकनच्या (टोकन म्हणजे शब्द किंवा शब्दाचा तुकडा) पुढचा मजकूर कापून टाकतं. एरर येत नाही, वॉर्निंग येत नाही. आमचे तुकडे होते साधारण ५०० शब्दांचे, म्हणजे प्रत्येक तुकड्याचा अर्ध्याहून जास्त भाग व्हेक्टरमध्ये गेलाच नव्हता, आणि सर्व्हिस मॅन्युअलच्या पानावर वरती नुसत्या सेफ्टीच्या सूचना असतात, खरी माहिती खाली. मॉडेलच्या माहितीत ही मर्यादा स्पष्ट लिहिलेली आहे, आम्ही वाचली नव्हती. शिवाय ते मॉडेल मुख्यतः इंग्रजीवर शिकवलेलं आणि आमच्याकडे नोंदी चार-पाच भाषांमधल्या.

मॉडेल बदललं. आधी मल्टिलिंग्वल ई५ लावून बघितलं, त्यात प्रश्नाच्या आधी "क्वेरी" आणि मजकुराच्या आधी "पॅसेज" असा शब्द चिकटवावा लागतो कारण ते तसंच शिकवलेलं आहे, पहिल्या फेरीत ते विसरलो आणि निकाल खराब आले, शब्द लावल्यावर सुधारले. शेवटी बीजीई-एम३ वर थांबलो, १०२४ आकडे, ८१९२ टोकनपर्यंत मजकूर घेतं आणि बऱ्याच भाषा चालतात. मोठी मर्यादा मिळाली म्हणून तुकडे मोठे केले नाहीत, उलट लहान केले, आणि प्रत्येक तुकड्याच्या वर मॅन्युअलचं नाव आणि धड्याचं शीर्षक जोडलं. नक्की शोधात ९७ चे ११८ झाले. अजून एकाही डेटाबेसची चाचणी सुरू केली नव्हती.

उरलेल्या ३२ मध्ये एक प्रश्न मला तोंडपाठ झालाय. टेक्निशियनने लिहिलं होतं, "ई-४७ येतोय, प्रेशर सेन्सर बदलला तरी जात नाही." पहिल्या नंबरला आलं ई-७४ चं पान. दुसऱ्याला ई-४१ चं. ई-४७ चं पान एकविसाव्या नंबरला. व्हेक्टर अर्थ पकडतो आणि अर्थाच्या दृष्टीने ही तिन्ही पानं सारखीच आहेत, प्रेशर, सेन्सर, एरर कोड, काय तपासायचं. पण ई-७४ च्या पानावर वेगळा व्हॉल्व्ह बंद करायला सांगितलाय. मशीनसमोर उभ्या असलेल्या माणसाच्या हातात हे पान देणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी नीट कळलं, तोपर्यंत रिकॉल हा माझ्यासाठी एक आकडाच होता.

याचं उत्तर म्हणजे जुना शब्दांचा शोध बरोबर ठेवायचा, ज्याला हायब्रिड सर्च म्हणतात. एकीकडे व्हेक्टरने यादी काढायची, दुसरीकडे शब्दांवरून, सहसा बीएम२५ या पद्धतीने, आणि मग दोन याद्या एकत्र करायच्या. एकत्र करण्यासाठी गुण मिसळायला गेलात तर फसता कारण दोन्हीकडचे गुण वेगळ्या मापातले असतात. म्हणून क्रमांकावरून करतात, प्रत्येक यादीतल्या क्रमांकात ६० मिळवायचे, एकला त्या बेरजेने भागायचं, आणि दोन्ही याद्यांमधले आकडे जोडायचे. ई-४७ चं पान शब्दांच्या यादीत पहिलं म्हणजे १ भागिले ६१, व्हेक्टरच्या यादीत एकविसावं म्हणजे १ भागिले ८१, बेरीज ०.०२८७. ई-७४ चं पान व्हेक्टरमध्ये पहिलं पण शब्दांच्या यादीत नाहीच, ०.०१६४. बरोबर पान वर आलं. एवढ्या साध्या गणिताने इतका फरक पडतो यावर पहिल्यांदा विश्वासच बसला नाही.

हायब्रिडच्या बाबतीत वीव्हिएट मला फार आवडलं, तिथे हे एका आकड्यावर चालतं, अल्फा शून्य ठेवला तर फक्त शब्द, एक ठेवला तर फक्त व्हेक्टर, मधे कुठेही ठेवा. क्वाड्रंटमध्ये विरळ व्हेक्टर (ज्यात बहुतेक आकडे शून्य असतात) वापरून दोन्ही शोध एकाच क्वेरीत जुळवता येतात. इलास्टिकसर्च आणि ओपनसर्चवाल्यांना तर शब्दांचा शोध हीच मूळ ताकद आहे, तुमच्याकडे ते आधीच चालू असेल तर वेगळा व्हेक्टर डेटाबेस आणायच्या आधी दहा वेळा विचार करा. आमचा नेहमीचा डेटाबेस म्हणजे पोस्टग्रेस, त्यात टेक्स्ट सर्च आहे पण बीएम२५ मुळात नाही, क्रम लावायची पद्धत वेगळी आहे. आम्हाला त्याची अडचण झाली नाही कारण आमची खरी गरज एरर कोड आणि पार्ट नंबर नेमके पकडायची होती, त्यासाठी आम्ही ते वेगळ्या कॉलममध्ये काढून घेतले.

आता डेटाबेसकडे येतो. पाइनकोन मुळात मॅनेज्ड सेवा, सर्व्हर सांभाळायची कटकट नाही, आणि ज्या टीमकडे ते सांभाळायला माणूसच नाही तिच्यासाठी हे फार मोठं सुख आहे. पण आमच्या तीन मोठ्या ग्राहकांच्या करारात लिहिलंय की त्यांची कागदपत्रं आमच्याच ताब्यातल्या मशीनबाहेर जाणार नाहीत, त्यामुळे तिथेच थांबलो. कोणीतरी म्हणालं की व्हेक्टर म्हणजे नुसते आकडे, ते बाहेर गेले तर काय बिघडलं. तसं नाहीये. २०२३ मध्ये संशोधकांनी दाखवून दिलंय की छोट्या मजकुराच्या एम्बेडिंगवरून मूळ मजकूर बऱ्याच अंशी परत काढता येतो. म्हणून व्हेक्टरला मूळ कागदपत्राइतकंच जपायचं हे आम्ही लेखी ठरवून टाकलं.

एका दुसऱ्या मॅनेज्ड सेवेवर, नाव घेत नाही, आम्ही खोट्या डेटावर चाचणी केली होती. तिथे वाचनाचे आणि लिहिण्याचे वेगळे पैसे. आमचा हिशोब होता महिन्याच्या प्रश्नांवर आणि बिल आलं अंदाजाच्या तिप्पट, कारण रोज रात्री चालणारा आमचा जॉब न बदललेले तुकडेसुद्धा पुन्हा लिहीत होता. सपोर्टला विचारलं तर पाच दिवसांनी उत्तर आलं की बिल बरोबर आहे. बरोबरच होतं, पण कुठल्या कामाला किती लागले हे त्यांच्या पानावर दिसतच नव्हतं आणि याचा मला अजूनही राग आहे. तेव्हापासून प्रत्येक तुकड्याचा हॅश, म्हणजे मजकुरावरून काढलेला छोटा ठसा, ठेवतो, हॅश बदलला तरच एम्बेडिंग आणि तरच लिहिणं. मॅनेज्ड सेवा घेणार असाल तर प्रश्न किती यापेक्षा मजकूर किती वेळा बदलतो हे आधी मोजा.

मिल्वस आम्ही फक्त वाचलं आणि स्टँडअलोन, म्हणजे एकाच मशीनवर, चालवून बघितलं. ते बनलंय प्रचंड डेटासाठी, पसरून बसवायचं म्हटलं तर एटसीडी लागतं, ऑब्जेक्ट स्टोरेज लागतं, आणि आम्ही बघितलं तेव्हा मेसेजसाठी पल्सार किंवा काफ्कासारखं काहीतरी लागायचं. शेकडो कोटी व्हेक्टर असणाऱ्यांसाठी ते योग्य आहे. १८ लाखांसाठी एवढे भाग रात्री-अपरात्री सांभाळायची आमची तयारी नव्हती.

उरले दोन, पीजीव्हेक्टर आणि क्वाड्रंट. दोन्ही समोरासमोर महिनाभर चालवले.

पीजीव्हेक्टर म्हणजे वेगळा डेटाबेस नाही, पोस्टग्रेसचं एक्स्टेन्शन. आमचा बाकीचा डेटा आधीच पोस्टग्रेसमध्ये. एचएनएसडब्ल्यू त्यात २०२३ मध्ये आला. पहिला इंडेक्स रात्री लावला आणि सकाळी येऊन बघतो तर अजून चालूच. लॉगमध्ये सूचना होती की जाळं आता मेंटेनन्स वर्क मेममध्ये मावत नाहीये. इंडेक्स बांधायला किती मेमरी द्यायची ते ठरवणारी ही सेटिंग मुळात ६४ एमबी असते आणि आम्ही तिला हात लावला नव्हता. ती वाढवली, समांतर वर्कर दिले, आणि तेच काम जेवणाच्या सुट्टीत झालं.

मग इंडेक्सचा आकार. १०२४ आकडे गुणिले ४ बाइट म्हणजे एक व्हेक्टर ४ केबी, १८ लाखांचे साधारण ७.४ जीबी असा माझा हिशोब. प्रत्यक्षात इंडेक्स १४ जीबीच्या वर. दोन तास डोकं खाजवल्यावर कळलं की पोस्टग्रेसचं पान ८ केबीचं असतं, आणि ४ केबीहून किंचित मोठ्या अशा दोन नोंदी एका पानात बसत नाहीत, त्यामुळे एका पानात एकच व्हेक्टर आणि उरलेली जवळपास अर्धी जागा वाया. मग हाफव्हेक वापरलं, म्हणजे प्रत्येक आकडा ४ ऐवजी २ बाइटमध्ये, आता पानात तीन बसायला लागले आणि इंडेक्स ५ जीबीच्या आत आला. १५० प्रश्न पुन्हा चालवले, एकाही प्रश्नाचं उत्तर बदललं नाही. मेमरीसाठी मोठी मशीन मागायचा अर्ज मी लिहून ठेवला होता तो फाडून टाकला.

आणि मग फिल्टर. हा भाग नीट वाचा कारण यात आम्ही सगळ्यात जास्त अडखळलो. एका छोट्या ग्राहकाचं नाव लावून शोध घेतला, दहा निकाल मागितले, शून्य आले. त्या ग्राहकाचे हजारो तुकडे डेटाबेसमध्ये आहेत आणि निकाल शून्य! झालं असं की इंडेक्स आधी सगळ्यांमधून जवळचे ४० काढतो, किती काढायचे ते ठरवणाऱ्या ईएफ सर्च या सेटिंगची मूळ किंमत ४० आहे, आणि फिल्टर त्या ४० वर नंतर लागतो. ग्राहकाचा डेटा एकूणच्या एक टक्का असेल तर ४० मध्ये त्याचे सरासरी अर्धासुद्धा येत नाहीत. हे डॉक्युमेंटेशनमध्ये लिहिलेलं आहे, आमच्या डोळ्यासमोर असूनही गेलं नाही डोक्यात. ०.८ आवृत्तीपासून यावर इटरेटिव्ह स्कॅन आहे, पुरेसे निकाल मिळेपर्यंत इंडेक्समध्ये पुढे पुढे शोधत राहतो, आणि ते चालू केल्यावर शून्याचे दहा झाले.

पण त्या निमित्ताने ग्राहकवार मोजणी केली आणि वेगळीच गोष्ट दिसली. तीन मोठे ग्राहक सोडले तर बाकी कोणाचेही २० हजारांहून जास्त तुकडे नव्हते. २० हजार गुणिले १०२४ म्हणजे दोन कोटी गुणाकार, आजच्या मशीनला हे काहीच नाही. म्हणजे छोट्या ग्राहकांना अंदाजे इंडेक्सची गरजच नाही, ग्राहक क्रमांकाच्या साध्या बी-ट्री इंडेक्सने त्यांचे तुकडे वेगळे काढायचे आणि नक्की शोध घ्यायचा, रिकॉल शंभर टक्के. मोठ्या तिघांना वेगवेगळं पार्टिशन आणि प्रत्येकाचा स्वतःचा एचएनएसडब्ल्यू. महिनाभर ज्या इंडेक्सच्या सेटिंगवर आम्ही वाद घालत होतो तो बहुतेक ग्राहकांच्या प्रश्नांना लागणारच नव्हता.

क्वाड्रंटमध्ये फिल्टरचा विचार मुळातच केलेला आहे. व्हेक्टरबरोबर ठेवलेल्या माहितीतल्या (पेलोडमधल्या) ज्या फील्डवर तुम्ही पेलोड इंडेक्स लावता त्यासाठी जाळ्यात जास्तीचे दुवे विणले जातात, आणि फिल्टरमधून थोडेच उरत असतील तर जाळं सोडून ते सरळ नक्की तुलनेवर जातं. म्हणजे आम्ही पोस्टग्रेसमध्ये हाताने जे जमवलं ते तिथे आपोआप मिळतं. फक्त पेलोड इंडेक्स डेटा भरायच्या आधी बनवा, नंतर बनवलात तर ते जास्तीचे दुवे जाळं पुन्हा विणेपर्यंत येत नाहीत. रस्टमध्ये लिहिलंय, एक कंटेनर उचलला की चालू. आकड्यांचं क्वांटायझेशनही सहज, एका आकड्याला एक बाइट केला की मेमरी चौथाई. निव्वळ शोधाच्या वेगात आमच्या मशीनवर ते पुढे होतं आणि मी मनातून तेच निवडलं होतं.

मग एक गोष्ट घडली. चाचणीच्या काळात एका ग्राहकाने एक कागदपत्र मागे घेतलं, जुन्या टॉर्कचे आकडे असलेलं. पोस्टग्रेसमध्ये परवानगी त्याच क्षणी निघाली. पण क्वाड्रंटकडे ती माहिती नेणारा आमचा सिंक जॉब दर २० मिनिटांनी चालायचा, त्यात त्या दिवशी तो एका खराब रेकॉर्डवर अडकला होता आणि अलर्ट लावलेला नव्हता. दुपारभर ते मागे घेतलेलं पान शोधात येत राहिलं. चाचणी होती म्हणून नुकसान झालं नाही. क्वाड्रंटचा यात काडीचा दोष नाही, त्याला जे सांगितलं ते त्याने केलं. पण मी त्या संध्याकाळी ताईंना हे सांगितलं तेव्हा त्यांनी एकच विचारलं, "हे परत होणार नाही अशी खात्री देतोस का?" दोन डेटाबेस आणि मधे आम्ही लिहिलेला जॉब असताना मला ती देता येईना. आउटबॉक्स टेबल ठेवा, प्रत्येक बदल रांगेत टाका, उशिरावर नजर ठेवा, हे सगळं करता येतं आणि लोक करतात. चार जणांच्या टीममध्ये ते कायम सांभाळणार कोण हा प्रश्न होता.

पोस्टग्रेसमध्ये परवानगी आणि व्हेक्टर एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये. परवानगी काढली की पुढच्याच क्वेरीत पान दिसत नाही, रो लेव्हल सिक्युरिटी लावली की कोड लिहिणारा फिल्टर विसरला तरी दुसऱ्याचं पान येत नाही. आम्ही पीजीव्हेक्टर घेतलं ते यासाठी. हायब्रिड आणि वरच्या निकालांवर एक रीरँकर (निकालांचा क्रम पुन्हा लावणारं मॉडेल) लावल्यावर १५० पैकी १३६ प्रश्नांचं बरोबर पान पहिल्या दहात आलं, आणि ई-४७ पहिल्या नंबरला.

निवड झाल्यावर कळलेल्या दोन गोष्टी सांगतो. पीजी डंपने, म्हणजे डेटा फाइलमध्ये उतरवून, घेतलेला बॅकअप परत लावताना व्हेक्टर येतात पण इंडेक्स नव्याने बांधला जातो, त्यामुळे रिस्टोअरचा सराव केला तेव्हा डेटा लवकर आला आणि मोठ्या तीन ग्राहकांचा शोध बराच वेळ रखडला, म्हणून आता फिजिकल बॅकअपही (डेटाबेसच्या फायली जशाच्या तशा) ठेवतो. आणि खूप तुकडे डिलीट केले की व्हॅक्यूम, म्हणजे पोस्टग्रेसची साफसफाई, फार वेळ घेतो, आधी रीइंडेक्स करून मग व्हॅक्यूम केला की लवकर आटोपतो.

आमच्याच कंपनीतली दुसरी टीम सध्या सेन्सरच्या सिग्नलवरून मिळतेजुळते बिघाड शोधतेय. तिथे व्हेक्टर काही कोटी, सतत नवीन येणारे, आणि परवानग्यांची भानगड नाही. त्यांना मी क्वाड्रंट घ्या म्हणून सांगितलं आणि त्यांचं छान चाललंय.

आमच्याकडे आता नवीन एम्बेडिंग मॉडेलची चाचणी चालू आहे. जुन्या मॉडेलचे व्हेक्टर नव्याशी जुळत नाहीत, सगळे १८ लाख तुकडे पुन्हा करावे लागतात, म्हणून टेबलात शेजारी दुसरा कॉलम घेतलाय आणि तो हळूहळू भरतोय, शोध अजून जुन्यावरच. तिकिटांमधून प्रश्न वाढत वाढत ३०० च्या पुढे गेलेत. जेवढा भाग भरून झालाय त्यावर काल नवीन मॉडेल चालवलं, एकूण निकाल सुधारले, पण आधी बरोबर येणारे चार प्रश्न आता चुकले आणि चारही पार्ट नंबरवाले. ताई आणि मी उद्या ती चार पानं उघडून बसणार आहोत, तोपर्यंत जुना कॉलम हलवत नाही.